गायरानात कोणतं गवत लावावं?

उन्हाळ्यात चारा विकत घेतला की दुधाचे पैसे त्यातच जातात. म्हणून आम्ही गटातल्या बाया गायरानाकडे वळलो. धुळे तालुक्यातल्या लामकानीत गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली आणि डोंगरावर गवत परतलं.

हलक्या, मुरमाड जमिनीत अंजन गवत लावा. ते पाण्याचा ताण सोसतं. काळ्या जमिनीत मारवेलचे ठोंब चांगला पाऊस झाल्यावर लावा. कुसळी मात्र कुसळं धरण्याआधीच कापा, नाहीतर ती जनावरांच्या तोंडात रुततात. पहिलं वर्ष ढोरं आत सोडू नका, गवत कापून घाला.

पण ज्या बाईला शेत नाही, तिच्या शेळ्या गायरानावरच जगतात. कापणीचा पहिला भारा तिला द्यायचा, हे ग्रामसभेत आधी ठरवा. तरच बंदी टिकेल.