गलोल आणि दुर्बीण
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, पुंडलिकनगर येथे केलेले भाषण)



विवाह, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांवर आपल्या मंडळात दरवर्षी बोलले जाते. आम्ही आज गलोलीविषयी बोलणार आहोत. येथील आपल्याच एका घरातील चिरंजीव परसात कोंबड्या-कबुतरे पाळतात, सुट्टीच्या दिवशी साताऱ्याच्या खंडोबाकडील डोंगरात भटकतात आणि गलोलीने होले टिपतात. अभ्यासात लक्ष बेताचेच. त्यांस चार शब्द सुनवावेत, अशी वडिलांनी आम्हांस विनंती केली. निवृत्त शिक्षक म्हणजे ज्ञातीचा फुकटचा पंच, हे आपण जाणताच!

प्रथम कायद्याची गोष्ट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस आळा घातला आणि 1991 च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपुष्टात आले. होला मारणे हा आज गुन्हा आहे. पोरखेळ म्हणून काणाडोळा करता येणार नाही. गलोल सुटलीच पाहिजे. परंतु ती हिसकावून चुलीत घातली, तर मुलाचे कुतूहलही त्याच चुलीत जाते, आणि आमची खरी चिंता ती आहे.

आपल्या शहरात दिल्ली दरवाजाजवळ ज्यांच्या नावाचे सरोवर आहे, ते डॉ. सलीम अली (1896–1987) बालपणी असेच शिकारी होते. आईबाप लवकर गेले. मुंबईत मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळ केला आणि छर्‍याची बंदूकही त्यांनीच दिली. दहाएक वर्षांचे असताना सलीमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर हळद लागल्यासारखा पिवळा डाग! मामा स्वतः शिकारी, तरी त्यांस ती ओळखता येईना. त्यांनी पोरास दटावून गप्प बसविले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांजकडे धाडले. साहेबांनी ती पीतकंठी चिमणी म्हणून ओळखली आणि सोसायटीच्या संग्रहातील पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले. मुलाचे आयुष्य तेथे वळले. पुढे 1913 साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. विद्यापीठाची पदवी नाहीच. (आम्हीही मॅट्रिकच, पण साम्य तेथेच संपते.)

नोकरी सुटल्यावर 1930 साली अलिबागजवळ किहीम येथे ते सुगरणींच्या घरट्यांपुढे तासन्‌तास बसून राहिले. नर अर्धे घरटे विणतो, मादी आत शिरून पाहते, पसंत पडले तर राहते. मग नर ते पुरे करून दुसरीसाठी दुसरे विणावयास घेतो. हा संसार बंदुकीने कळला नसता. शास्त्रासाठी त्यांनी पुढेही पक्षी मारले, हे लपविण्याचे कारण नाही. ओळख पटविण्याची त्या काळी तीच रीत होती. आज ते काम दुर्बीण व कॅमेरा करतात.

आपल्या चिरंजीवांस होला व पारवा लांबून ओळखता येतात, कोणते पाखरू केव्हा पाण्यावर उतरते तेही ठाऊक आहे. ही विद्या आम्ही कोणत्याही वर्गात शिकविली नाही. त्यांस ओरडण्याचे काम आम्ही नाकारले. एक कोरी वही मात्र दिली.

आता कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. मंडळाच्या निधीतून एक बरी दुर्बीण घ्यावी, ती ग्रंथालयातील पुस्तकाप्रमाणे नोंद करून आठवडाभर घरी द्यावी, आणि येत्या हिवाळ्यात मुलामुलींस पैठणच्या नाथसागरावर न्यावे. 1986 पासून तेथे पक्षी अभयारण्य आहे. वर्गणीचा आरंभ म्हणून आमचे एक महिन्याचे निवृत्तिवेतन आम्ही खजिनदारांकडे आजच जमा केले आहे.