पैसे गेले, माल नाही. तरी गप्प का?



श्रीदेवी लईराईच्या जत्रेत दुकान थाटणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा शिरगावातच यायचे असते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या विक्रेत्याचा चेहरा आपल्या ओळखीचा असतो. मोबाईलवर साड्या, चपला विकणाऱ्या छोट्या दुकानदाराचे मात्र नाव खरे की खोटे, हेही आपणास ठाऊक नसते. पैसे पोचतात, माल येत नाही, फोन बंद होतो. ‘पाचशेच गेले’ म्हणून आपण गप्प बसतो. या गप्प बसण्यावरच लबाडांचा धंदा चालतो, आणि मोबाईलवरून प्रामाणिकपणे लोणची-पापड विकणाऱ्या आपल्याच भगिनींवरचा विश्वास उडतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात झाले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विक्रेता दिल्लीचा असला तरी आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस फी नाही. आधी १९१५ वर तक्रार नोंदवा. उघड फसवणूक असेल तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पैसे भरल्याचा पुरावा आणि संदेश पुसू नका. अनोळखी विक्रेत्याला माल हाती आल्यावरच पैसे द्या.

आमची मागणी एकच: सरकारने डिचोलीत अशा तक्रारी लिहून देणारा मदत कक्ष उघडावा. येत्या ग्रामसभेत हा विषय आपण सर्वांनी मिळून मांडूया.