आपलाच शब्द गिळणारे सरकार

(पुणे येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आसामचा प्रश्न पुण्यात मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. ब्रह्मपुत्रा आणि मुळा-मुठा यांच्यात दोन हजारांहून अधिक किलोमीटरचे अंतर आहे. परंतु ऑगस्ट २०१२मध्ये हे अंतर काही दिवसांतच नाहीसे झाले होते. त्यापूर्वीच्या जुलै महिन्यात कोक्राझार परिसरात बोडो आणि बंगाली भाषक मुस्लीम यांच्यात संघर्षाचा भडका उडाला. सत्तरहून अधिक माणसे प्राणास मुकली आणि लाखो लोक निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन पडले. त्याची प्रतिक्रिया उमटली ती पुण्यात. येथे शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या ईशान्येकडील तरुणांवर हल्ले झाले. ज्यांचा कोक्राझारशी काडीचाही संबंध नव्हता, त्या मणिपूरच्या मुलांनाही केवळ चेहऱ्याच्या ठेवणीवरून मार खावा लागला. मोबाइलवरून अफवा पसरल्या आणि हजारो मुलेमुली पुणे स्थानकावरून मिळेल त्या गाडीने घराकडे निघाली. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगरीला शरमेने मान खाली घालावी लागली, असे ते दिवस होते.

आसामचा प्रश्न पुण्याच्या दारात कसा आला? त्याचे उत्तर शोधायचे तर दिल्लीत आणि दिसपूरमध्ये सत्तेवर असलेल्या, स्वतःस पुरोगामी म्हणविणाऱ्या सरकारांच्या धोरणाची चिकित्सा करावी लागते. त्याच धोरणामुळे त्या सरकारांचे परंपरागत समर्थक एकामागून एक कसे दुरावले, हेही पाहावे लागते.

आसाम आंदोलनाची ठिणगी पडली ती १९७९मध्ये. मंगलदै लोकसभा मतदारसंघाचे खासदार हिरालाल पटवारी यांच्या निधनामुळे पोटनिवडणूक ठरली. मतदारयाद्यांची तपासणी सुरू झाली, तेव्हा परकीय नागरिकांच्या नावांबद्दल हजारो हरकती पुढे आल्या. सहा वर्षे आसाम धगधगत राहिला. वादग्रस्त मतदारयाद्या तशाच ठेवून १९८३मध्ये निवडणूक लादण्यात आली. त्या वणव्यातच १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्लीचे हत्याकांड घडले. सरकारी आकड्यानुसारही अठराशेहून अधिक माणसे मारली गेली. ते बहुतेक बंगाली भाषक मुस्लीम होते आणि त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. या अमानुषतेचे समर्थन कोणताही सुसंस्कृत मनुष्य करू शकणार नाही. त्यासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही, हा कलंक निराळाच. परंतु नागरिक कोण आणि परकीय कोण, याचा निवाडा शासन न्यायासनासमोर करीत नाही, तेव्हा तो निवाडा जमाव करू लागतो. हा नेल्लीचा धडा होता. दिल्लीने तो घेतला नाही.

धडा घेण्याऐवजी इंदिरा गांधींच्या सरकारने त्याच वर्षी ‘बेकायदा स्थलांतरित (न्यायाधिकरणाद्वारे निश्चिती) कायदा’ आणला. ‘आयएमडीटी’ या आद्याक्षरांनी तो ओळखला गेला. नाव परकीयांना शोधण्याचे, पण रचना नेमकी उलट! तेव्हा देशभर लागू असलेल्या १९४६च्या विदेशी नागरिक कायद्यानुसार, ज्याच्याविषयी संशय आहे त्याने आपले नागरिकत्व सिद्ध करावयाचे असे. कारण जन्म, निवास व कुटुंब यांची माहिती त्याच्याच जवळ असते. आसामपुरत्या या नव्या कायद्याने मात्र तो भार तक्रारदारावर आणि शासनावर टाकला. तक्रारदार संशयिताच्या घरापासून तीन किलोमीटरच्या आत राहणारा हवा, त्याने प्रतिज्ञापत्रे जोडावीत, वर शुल्कही भरावे! १९८८च्या दुरुस्तीने अंतराची अट पोलीस ठाण्याच्या हद्दीपर्यंत सैल झाली, परंतु मूळ दोष कायम राहिला.

त्याचे फलित काय झाले? सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या आकड्यांनुसार, ३० एप्रिल २०००पर्यंत या कायद्याखाली ३,१०,७५९ प्रकरणांत चौकशी सुरू झाली. बेकायदा स्थलांतरित ठरले १०,०१५ आणि प्रत्यक्ष देशाबाहेर गेले अवघे १,४८१. याउलट शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये सर्वसाधारण विदेशी नागरिक कायदा लागू होता. तेथून १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात ४,८९,०४६ जणांना परत पाठविण्यात आले. बंगालमध्ये त्या काळात डाव्या आघाडीचे राज्य होते, हेही ध्यानात घ्यावे. कायदा नीट असेल तर डाव्या राजवटीतही काही घडते आणि कायदाच पांगळा असेल तर काहीच घडत नाही.

वस्तुस्थिती सत्ताधाऱ्यांना ठाऊक नव्हती काय? अवश्य ठाऊक होती. त्यांच्यापैकीच अनेकांनी ती उघडपणे सांगितली होती. काँग्रेसचे मुख्यमंत्री हितेश्वर सैकिया यांनी एप्रिल १९९२मध्ये आसाम विधानसभेत घुसखोरांची संख्या तीस लाखांच्या घरात असल्याचे सांगितले. स्वपक्षीयांचा दबाव आला आणि काही दिवसांतच त्यांनी ते विधान मागे घेतले. संयुक्त आघाडी सरकारचे गृहमंत्री इंद्रजित गुप्ता हे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ नेते. त्यांनी मे १९९७मध्ये संसदेत देशातील बेकायदा स्थलांतरितांची संख्या सुमारे एक कोटी असल्याचे सांगितले. पुढे जुलै २००४मध्ये मनमोहन सिंग सरकारचे गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत १ कोटी २० लाखांचा आकडा दिला. त्यांपैकी ५० लाख एकट्या आसामात असल्याचे त्यात नमूद होते. आसाममधील स्वपक्षीय सरकारने आक्षेप घेताच हा आकडा ऐकीव माहितीवर आधारलेला असल्याचा खुलासा करण्यात आला. संसदेत दिलेले लेखी उत्तर ऐकीव ठरते, तेव्हा सामान्य मतदाराने विश्वास तरी कोणावर ठेवावा?

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. हे सारे आकडे अंदाजाचे आहेत आणि त्यांच्यात मेळ नाही. पण हा मेळ नसणे हाच शासनाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा आहे. ज्या शासनाला आपल्या भूमीवर नागरिक किती आणि परकीय किती हे वीस वर्षांत मोजता आले नाही, त्याने मोजण्याची इच्छाच धरली नव्हती, असाच निष्कर्ष निघतो.

अखेर हा प्रश्न न्यायालयात गेला. अखिल आसाम विद्यार्थी संघटनेचे माजी अध्यक्ष सर्वानंद सोनोवाल यांनी २०००मध्ये याचिका दाखल केली. आसाम गण परिषदेच्या सरकारने कायद्याच्या विरोधात बाजू मांडली होती. २००१मध्ये तरुण गोगोई यांचे काँग्रेस सरकार आले आणि राज्याची भूमिका फिरली. २००४मध्ये केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडी आली आणि कायदा आहे तसाच ठेवण्याचा निर्णय घेतल्याचे प्रतिज्ञापत्र केंद्रानेही सादर केले. त्या सरकारचे पंतप्रधान आसाममधूनच राज्यसभेवर निवडून गेले होते. १९९१पासून ज्या भूमीने त्यांना संसदेत पाठविले, त्या भूमीची वेदना त्यांच्या सरकारच्या प्रतिज्ञापत्रात उमटली नाही.

१२ जुलै २००५ रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी यांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य पीठाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला. बाह्य आक्रमणापासून राज्यांचे रक्षण करणे हे राज्यघटनेच्या ३५५व्या अनुच्छेदानुसार केंद्राचे कर्तव्य आहे. मोठ्या प्रमाणावरील घुसखोरी हेही त्या अर्थाने आक्रमणच होय आणि हा कायदा त्या कर्तव्याच्या आड येतो, असा त्या निकालाचा आशय होता. राज्यपाल ले. जन. (निवृत्त) एस. के. सिन्हा यांनी नोव्हेंबर १९९८मध्ये राष्ट्रपतींना पाठविलेल्या अहवालाचीही न्यायालयाने दखल घेतली.

सरकारने हा निकाल नम्रपणे स्वीकारावयास हवा होता. त्याऐवजी २००६मध्ये केवळ आसामसाठी विदेशी नागरिक न्यायाधिकरणांचा नवा आदेश काढून, समोरचा दरवाजा बंद झाला म्हणून तोच भार मागील दाराने शासनावर आणण्यात आला. ५ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने एकाच प्रश्नावर एकाच सरकारला दीड वर्षात दोनदा फटकारावे, हा योगायोग नव्हता.

या धोरणाचे राजकीय फळ काय मिळाले, ते पाहण्यासारखे आहे. ज्या मतपेढीसाठी हा सारा खटाटोप केला, ती तरी हाती राहिली काय? कायदा रद्द झाल्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर २००५मध्ये, बद्रुद्दीन अजमल यांनी नवा पक्ष काढला. काँग्रेसने आपले रक्षण केले नाही, हीच त्यांच्या प्रचाराची तक्रार होती. २००६च्या विधानसभा निवडणुकीत त्या पक्षाने १० जागा जिंकल्या आणि काँग्रेस ७१वरून ५३वर घसरली. २०११मध्ये अजमल यांच्या जागा १८ झाल्या. संरक्षणाचे आश्वासन देऊन ते न पाळणाऱ्याला त्याचे लाभार्थीही सोडून जातात, ते असे.

दुसरीकडे आसामी भाषक आणि चहामळ्यांतील श्रमिक हे वर्षानुवर्षांचे समर्थकही अस्वस्थ होते. मुस्लीम, मळेकामगार आणि बंगाली यांच्या बेरजेवर सत्ता टिकविण्याचे एक समीकरण देवकांत बरुआ यांच्या नावाने सांगितले जाते. त्या समीकरणात मळेकामगार ही केवळ एक संख्या होती. तिच्यामागच्या माणसाला रस्ता, शाळा, वेतन आणि जमिनीची शाश्वती हवी आहे, हे कोणी लक्षात घेतले नाही. २०१४मध्ये जोरहाटचे बिजयकृष्ण हँडिक आणि दिब्रुगढचे पबनसिंह घाटोवार हे दोन्ही ज्येष्ठ काँग्रेस नेते पराभूत झाले. घाटोवार तर मळेकामगारांतूनच पुढे आलेले नेते. ज्यांनी त्यांना हरविले, ते कामाख्याप्रसाद तासा आणि रामेश्वर तेली हेही त्याच समाजातील होते. २०११मध्ये विधानसभेत ५ जागा असणारा भारतीय जनता पक्ष २०१६मध्ये ६० जागांवर पोहोचला आणि ७८ जागांची काँग्रेस २६वर आली. मुख्यमंत्री झाले ते सर्वानंद सोनोवाल. ज्याला न्यायालयात थोपविण्याचा प्रयत्न झाला, त्यालाच जनतेने सिंहासनावर बसविले.

हे केवळ आसामचे वैशिष्ट्य नव्हे. डेन्मार्कमधील सोशल डेमोक्रॅट पक्ष हा श्रमिकांचा जुना पक्ष. अनियंत्रित स्थलांतराचा भार धनिकांच्या वस्त्यांवर पडत नाही, तो कामगारांच्या शाळांवर आणि रोजगारावर पडतो, हे मेटे फ्रेडरिक्सन यांनी ओळखले आणि धोरण बदलले. २०१९मध्ये त्या पंतप्रधान झाल्या. २०१५मध्ये २१ टक्के मते मिळविणारा स्थलांतरविरोधी पक्ष त्या निवडणुकीत ९ टक्क्यांच्याही खाली आला. डाव्या विचाराच्या पक्षाने सीमांविषयी उदासीनच असले पाहिजे, असा काही नियम नाही. आपल्याकडील पुरोगाम्यांनी मात्र तो स्वतःवर लादून घेतला.

हीच कसोटी सत्तापालटानंतरच्या सरकारांनाही लावली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली तयार झालेली नागरिक नोंदवही ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा १९,०६,६५७ जण तीबाहेर राहिले. त्यांत अस्सल भारतीय, हिंदू बंगाली आणि स्थानिक माणसेही आहेत, तर काही अपात्र आत राहिले, अशा तक्रारी सर्व बाजूंनी झाल्या. डिसेंबर २०१९मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा संमत झाला, तेव्हा आसाम पुन्हा रस्त्यावर उतरला. धार्मिक छळामुळे आलेला शरणार्थी आणि पोट भरण्यासाठी चोरवाटेने आलेला घुसखोर यांत भेद केलाच पाहिजे. २००३मध्ये राज्यसभेत विरोधी पक्षनेते असताना मनमोहन सिंग यांनीही बांगलादेशातून आलेल्या अल्पसंख्याकांबाबत उदार धोरणाचा आग्रह धरला होता. पण आसामी माणसाची भीती भाषेची आणि भूमीची आहे. ती समजावून घेतल्याशिवाय त्याचा विश्वास मिळणार नाही.

शिवाय या अनिर्णयाचा सर्वांत जाच कोणाला होतो? तो आसाममधील भारतीय मुस्लिमालाही होतो. त्याचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिले. मोगलांविरुद्ध आहोमांच्या बाजूने लढलेल्या बाघ हजारिकांची आठवण आसामी माणूस आजही काढतो. खरा नागरिक आणि घुसखोर यांतील रेषा शासन आखत नाही, तोवर संशयाची सावली त्या खऱ्या नागरिकावरही पडत राहते. कागदपत्रे नीट तपासणारे, ठरलेल्या मुदतीत निर्णय देणारे, अपिलाची संधी देणारे न्यायाधिकरण हे त्याचेही संरक्षणच आहे.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत १९९९पासून सर्वोत्तम छात्राला लाचित बडफुकन यांच्या नावाचे सुवर्णपदक दिले जाते. १६७१मध्ये सराईघाटावर मोगल आरमाराला परतविणारा हा सेनानी छत्रपती शिवरायांचा समकालीन. पदकाच्या रूपाने तो पुण्याच्या अंगणात आला आहे. त्याच्या मुलुखातून येथे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पुणेकरांनी खोली भाड्याने देताना नाक मुरडू नये, त्यांना ‘चिनी’ म्हणून हिणवू नये, त्यांच्या सणाला आपल्या घरी बोलवावे. आसामचा प्रश्न आपला मानण्याची सुरुवात इतकी साधी आहे.

शासनाकडून मागणे मात्र अधिक कठोर असले पाहिजे. समर्थक अपयश क्षमा करतो. खरे ठाऊक असताना ते गिळून टाकणाऱ्याला तो क्षमा करीत नाही. संसदेत सांगितलेला शब्द संसदेबाहेरही पाळावा, एवढीच आसामची मागणी चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे. सत्तेवर कोणताही पक्ष असो, ती पूर्ण होईपर्यंत तिचा विसर पडू देता कामा नये.