कॉफीऐवजीं चिनी चहा

परभणीच्या उन्हाळ्यांत तापलेलें घर रात्रीं उशिरां निवतें. पण सायंकाळच्या कॉफीमुळें तेव्हांही माझा डोळा लागत नसे. कॉफी सोडावी, तर आल्यागेल्यापुढें काय ठेवावें?

उत्तर चिनी हिरव्या चहांत सांपडलें. खुडलेलीं पानें लवकरच तापवितात, म्हणून तीं हिरवीं राहतात. तीं दुधासाखरेंत उकळूं नयेत. उकळलेलें पाणी सुमारें ८० अंशांपर्यंत निवूं द्यावें, पानांवर ओतावें व दोन मिनिटांनीं गाळावें. कढत्या पाण्यानें चहा कडवट होतो. तींच पानें पुन्हां दोनदां चालतात.

यांतही कॅफीन असतें, पण बहुधा कॉफीहून कमी; म्हणून तोही दिवस मावळण्यापूर्वींच घ्यावा.

‘चहा’ हा शब्दच मुळीं चिनी ‘छा’पासून आलेला, तेव्हां हा पाहुणा परका नव्हे. माझी झोंप परत आली आणि बैठकही मोडली नाहीं.