खाजवायचं थांबलेलं मूल

मी त्वचारोगतज्ज्ञ, इंदूरला माझा दवाखाना आहे. आज एका चुकीबद्दल बोलणार आहे. माझ्याच.

दीड वर्षाचा मुलगा. चौथ्या महिन्यापासून अ‍ॅटॉपिक एक्झिमा. गाल, मान, गुडघ्यामागची घडी सतत कोरडी, लाल, खाजणारी. एका संध्याकाळी आई त्याला घेऊन आली. अंगात ताप, गालावर नवे फोड. खाजवून पू झाला असेल, असं समजून मी अँटिबायोटिक लिहून दिलं. जाता जाता ती म्हणाली, "डॉक्टर, तो आता खाजवत नाही हो. हात लावला की रडतो." मी ऐकलं आणि पुढचा पेशंट बोलावला.

दुसऱ्या दिवशी फोड मानेपर्यंत उतरले होते. फुटलेल्या जागी एकाच मापाच्या, खिळ्याने टोचल्यासारख्या गोल जखमा. एक पापणी सुजून बंद. हा एक्झिमा हर्पेटिकम. व्हिएन्नाच्या कपोसी यांनी १८८७ मध्ये याचं वर्णन केलंय, आणि मी परीक्षेत ते लिहूनही आलो होतो!

विषाणू साधाच, ओठाच्या कडेला पाण्याचे फोड आणणारा हर्पिस सिम्प्लेक्स. आपल्याला आठवडाभर त्रास देतो, मग शांत होतो. एक्झिमात मात्र त्वचेची भिंत खचलेली असते, आणि तिथला दाह त्वचेची विषाणूशी लढणारी प्रथिनंही कमी करतो. मग तो पसरतो. डोळ्यात गेला तर बुबुळावर व्रण. देवीच्या लसीतला जिवंत विषाणू असाच पसरायचा, म्हणून एक्झिमा असलेल्या मुलांना ती लस टाळत.

त्याच तासाला भरती केलं, शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू केलं, डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. डोळा वाचला. तुमच्या घरी एक्झिमाचं मूल असेल आणि खाजेच्या जागी दुखू लागलं, सोबत ताप आणि एकसारखे फोड आले, तर सकाळची वाट पाहू नका.

आठवड्यापूर्वी मावशी आली होती, ओठावर फोड असताना तिने पापे घेतले होते. आईने विचारलं, "म्हणजे एक्झिमा तिच्यामुळे झाला?" नाही. एक्झिमा आधीचाच होता. विषाणूला फक्त उघडं दार मिळालं. हे मी मावशीलाही सांगितलं. तिचा प्रश्न वेगळाच होता : पुन्हा त्याला जवळ कधी घेऊ?

खपली पडून कातडी कोरी झाली की घ्या, म्हटलं. तोवर लांबून टाळ्या वाजवा.