हरवलेले गळे



आजचा विषय कळला तेव्हा एका स्नेह्याने आम्हांला विचारले, "तबकड्यांवर व्याख्यान कसले देता? त्यापेक्षा तबकडीच लावा!" सूचना रास्त आहे. पण आम्हांला बोलायचे आहे ते एकदा निघून वाया गेलेल्या, आणि पुढे कोणा तिऱ्हाइताने उकरून पुन्हा जगापुढे आणलेल्या तबकड्यांविषयी.

व्हॅश्टी बन्यन नावाची एक इंग्रज गायिका आहे. १९६८ साली ती आणि तिचा सोबती रॉबर्ट लुइस घोडागाडी घेऊन लंडनहून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. लोकगीताला गुंगवणाऱ्या सुरांची जोड देण्याची लाट तेव्हा तिकडे होती. वाटेत सुचलेल्या गाण्यांची तबकडी १९७० साली निघाली. ती कोणी फारशी घेतली नाही. बाईंनी गाणे सोडले, मुले वाढवली. २००० साली, म्हणजे तीस वर्षांनी, ती तबकडी पुन्हा निघाली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. २००५ साली त्यांनी दुसरीही काढली. आपल्याकडे हंगामात उसाच्या बैलगाड्या रांगेने कारखान्याकडे जातात. त्यांवरही कोणी ना कोणी गुणगुणत असते. त्याची तबकडी काढावी असे मात्र अद्याप कोणाला सुचलेले नाही.

दूर कशाला जा! मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीच्या तीन विद्युत्-यंत्रांवर भैरव, ललत, भूपाळी असे दहा राग नाचाच्या ठेक्यात बसवून ध्वनिमुद्रिका काढली. रागदारीवाल्यांना ती थट्टा वाटावी, आणि नाचणाऱ्यांना ती गाणीच वाटू नयेत, अशी तिची अडचण! ती विस्मृतीत गेली. पुढे तशाच यंत्रांतून निघणारे संगीत अमेरिकेत शिकागो शहरी १९८७ च्या सुमारास नवे म्हणून गाजले. २००२ साली एडो बाउमन ह्या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजितांची जुनी प्रत सापडली. तो मुंबईस येऊन त्यांना भेटला आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रकाशित केली. म्हाताऱ्या वादकाला युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते वारले. पण कौतुक कानांनी ऐकून वारले.

ह्या दोन्ही गोष्टींत एक साधी सोय होती, ती आमच्या मते सर्वांत मोलाची. वेष्टनावर नाव छापलेले होते. त्या नावाचा माग काढीत माणसापर्यंत पोचता आले. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या तयार व्हायच्या त्या जर्मनीत हानोवरला. तिथल्या कारागिरांना कोणाचा आवाज कोणाचा हे कळावे म्हणून जेमतेम तीन मिनिटांच्या गाण्याअखेर बाई स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारीत. आज ऐकताना गंमत वाटते खरी, पण त्या पुकारण्याने गाणे आणि गाणारी ह्यांची ताटातूट झाली नाही.

आता आपल्या घरात या. जात्यावर समोरासमोर दोघीजणी बसत. खुंटा दोघींच्या हातांत. एकीने ओवी धरायची, दुसरीने उचलायची. पहाटेच्या अंधारात एकाच घासाचा आवाज सुरांखाली चाललेला असे. गुंगवणारे संगीत म्हणून परदेशी जे विकले गेले, त्याहून हे काय निराळे होते? अभंगाच्या शेवटी संत आपले नाव घालतो, लावणीत शाहीर घालतो. ओवीत भावाचे नाव येते, लेकाचे येते, विठोबाचे येते. गाणारीचे सहसा येत नाही. घरोघर गिरणीचे पीठ आले तशी ती जोडी उठली, आणि मागे नावही राहिले नाही.

हे ओळखून पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ ह्या दोन अभ्यासकांनी गावोगाव ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, लाखाहून अधिक ओव्या! बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्याने शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पॉइत्वाँ २००४ साली गेले. पुढे 'पारी' ह्या संस्थेने २०१७ पासून हा ठेवा क्रमाक्रमाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि तिची माणसे जुन्या वह्यांवरून गायिकांचा शोध घेत पुन्हा त्या गावांत गेली. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे ह्यांच्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या, माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे ह्यांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आज नावागावासह ऐकायला मिळतात, त्या ह्यामुळे. ओवी ज्या कागदावर उतरली त्याच कागदावर बाईचे नाव लिहिण्याची शिस्त नसती, तर लाख ओव्या मिळूनही एकही बाई मिळाली नसती.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. माळ्यावर एक कॅसेट सापडली. तीत दोन बायकांचा आवाज आहे. एक आमची आत्या. दुसरी कोण, हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही. कॅसेटवर आमच्याच अक्षरात एवढेच लिहिले आहे: 'ओव्या, चांगल्या.' त्या अक्षराची आम्हांला आज लाज वाटते.

पणदऱ्यातही अशा कॅसेटी असतील. वाघ्यामुरळीच्या, भारुडाच्या, लग्नातल्या. फीत बुरसटली असल्यास यंत्रात घालू नका, तुटेल. जाणत्याकडून ती आधी साफ करून घ्या. आणि आज घरी गेल्यावर एवढे करा: घरातल्या थोरल्या बाईला जवळ बसवून आवाज कोणाचा ते विचारा आणि डबीवर नाव लिहा. दोघी असतील तर दोघींची.