भीमाकाठच्या पायवाटा

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत मंडळाच्या चालणाऱ्या गटाने केलेले भाषण)



आम्ही कोणी अभ्यासक नाही. आम्ही सात जण आहोत. दोघे बँकेतून निवृत्त, तिघी गृहिणी, एक मास्तर आणि एक औषधांचे दुकानदार. सगळ्यांची साठी उलटली आहे, गुडघे सगळ्यांचेच बोलतात. मागची तीन वर्षे कार्तिक ते माघ आम्ही भीमेच्या आणि अमरजेच्या काठाने चालतो आहोत. त्याविषयी चार शब्द सांगा, असे सेक्रेटरींनी सांगितले म्हणून उभे आहोत.

सुरुवात झाली ती थोड्या लाजेतून. आमच्यातल्या एकीची मुलगी इंग्लंडला असते. तिच्याकडे तीन महिने राहून आलेल्या वहिनी कोजागिरीच्या रात्री थेम्स नदीचे वर्णन करत होत्या. तिथे नदीच्या उगमापासून लंडनपर्यंत काठाकाठाने जाणारी अधिकृत पायवाट आहे. 1996 साली ती खुली झाली, लांबी सुमारे 295 किलोमीटर. वाट कुरणांतून जाते, शेतांच्या कडेने जाते. माणूस जाईल पण गुरे जाणार नाहीत अशी लाकडी फाटके आहेत. तिकडच्या कायद्याने शेतातून जाणारी अशी जुनी वाट नांगरली, तर शेतकऱ्याला ती पंधरवड्यात पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. सगळे ऐकून घेतल्यावर मास्तर म्हणाले, "वहिनी, आपण चार पिढ्या गुलबर्ग्यात आहोत. भीमा आपल्यापैकी कोणी पुलावरून सोडून कुठून पाहिली आहे?" दुधाचे पेले हातात तसेच राहिले.

गाणगापूरला आपण सगळेच जातो. गाडी मठाजवळ लावायची, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यायचे, रिक्षाने संगमावर जायचे, स्नान, औदुंबराला प्रदक्षिणा, दुपारी माधुकरी आणि संध्याकाळच्या आत घरी. आम्हीही तेच करत आलो. पण गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांनी सत्तेचाळिसावा अध्याय आठवावा. श्रीगुरू रोज मठातून संगमावर अनुष्ठानाला जात ते पायी, शेतांमधून. वाटेवरच्या शेतातला कुणबी हातातले काम टाकून रोज धावत येई आणि दंडवत घाली. पुढे गुरूंनी त्याला उभी ज्वारी पिकण्याआधीच कापायला लावली, गावाने त्याला वेड्यात काढले आणि शेवटी त्याचेच शेत कसे भरभरून पिकले, ती कथा आपल्याला पाठ आहे. त्या कथेत एक पायवाट आहे, हे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नव्हते. वाट शेतातून जाते म्हणूनच शेतकरी आणि संन्यासी यांची रोज गाठ पडते. रिक्षा असती तर ती पडली नसती!

म्हणून पहिली चाल आम्ही तीच केली. मठ ते संगम, जेमतेम तीन किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो. डांबरी सोडून बांधाने वळलो की दोन्ही बाजूंना तूर आणि ज्वारी. पुढे भस्माच्या डोंगराची पांढुरकी उंची दिसते. डोंगर म्हणायचे ते श्रद्धेने, उंची बेताचीच आहे. नदी दिसण्याआधी टिटवी ओरडते. थंडीतला धोबी पक्षी संगमाच्या खडकांवर शेपटी हलवत फिरत असतो. अमरजा येऊन भीमेला मिळते ती इतकी गुपचूप, की कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. तिथून अष्टतीर्थे चालत केली तर अख्खा दिवस जातो. घाई केली तर अर्ध्या दिवसातही होतात, पण मग गाडीनेच यावे.

दुसरी वाट अमरजेच्या काठाने वर जाणारी. ही नदी आळंद तालुक्यातून येते, तिथे कोरहळ्ळीजवळ तिच्यावर धरण आहे. खालच्या अंगाला नदी म्हणावी की ओढा, असा प्रश्न पडतो. वाट सौम्य आहे, चढ नाही, बाभळीची सावली आहे. त्रास एकच, करडईचा. ढोरे आत शिरू नयेत म्हणून कडेला करडई पेरतात आणि तिचे काटे माणसाला आणि ढोराला सारखेच मानतात. पाऊस पडून गेला असेल तर इकडे फिरकूच नये. काळी माती चपलेला धरली की प्रत्येक पाय दोन किलोचा होतो.

एकदा पुण्याचे एक पाहुणे आमच्याबरोबर होते. आमच्यातल्या एकाने गुराख्याला विचारले, "होळि एल्ल्यद री?" पाहुणे म्हणाले, "अहो, होळीला अजून तीन महिने आहेत!" नदीला कानडीत होळि म्हणतात, हे त्यांना माहीत नव्हते. तो गुराखी आणि आम्ही, दोघेही हसलो. वाट विचारायला आपली कानडी हवीच. इथे राहून ती ज्यांना येत नाही त्यांनी निदान एवढे वाक्य पाठ करावे.

तिसरी वाट मात्र आमच्याकडून झाली नाही आणि खरे सांगायचे ते तिच्याविषयीच. कडगंची ते गाणगापूर. सायंदेवांचे गाव ते कडगंची, आणि त्यांच्याच वंशातल्या सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र लिहिले, असे आपण परंपरेने मानतो. आज गावाला लागूनच केंद्रीय विद्यापीठ आहे. पूर्वी आपल्याकडची माणसे तिथून मुक्काम करत दोन दिवसांत गाणगापूर गाठत. आपल्या मंडळातले काका तरुणपणी आईबरोबर ती वाट चालले आहेत. त्यांनी आम्हाला कागदावर नकाशा काढून दिला. विहीर, मारुती, ओढा, रेल्वेचे रूळ, मग एक मोठी चिंच, तिथून डाव्या हाताला वळायचे.

आम्ही गावाचा सर्व्हेचा नकाशाही मिळवला. त्यात एका तुटक रेघेची कालुदारी म्हणजे पायवाट आणि दोन तुटक रेघांची बंडीदारी म्हणजे गाडीवाट दाखवलेली असते. कागदावर वाट होती. जागेवर गेलो तर रूळ ओलांडल्यावर दोन फर्लांगांत ती संपली. नांगरून तूर पेरलेली. शेताचा मालक आला, आम्हाला वाटले आता ऐकावे लागणार. त्याने बांधावर बसवले, कडक भाकरी, पुंडीपल्ल्या आणि शेंगाची चटणी पुढे केली आणि म्हणाला, "माझ्या आजाने वाट ठेवली होती, बापानेही ठेवली. वीस वर्षांत कोणी चाललं नाही. कोणासाठी ठेवू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. नकाशा घडी करून खिशात घातला. त्याने पुन्हा विचारले नाही, पाणी दिले आणि हमरस्ता दाखवला. आम्ही एसटीने परत आलो.

घरी आल्यावर काकांनी फोन करून एकच विचारले, "चिंच आहे ना रे?" आम्ही म्हणालो, "आहे." काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत म्हणून सांगून टाकतो. काका, चिंचेपर्यंत आम्ही पोचलोच नाही. आहे की नाही, ठाऊक नाही.

त्या शेतकऱ्याला आम्ही संक्रांतीला तिळगूळ घेऊन पुन्हा भेटलो. तूर निघाल्यावर बांधाच्या कडेने चाला, आपली काही हरकत नाही, असे तो म्हणाला. पुढच्या शेतांच्या मालकांशी बोलणे मात्र आपल्यालाच करायचे आहे. तहसील कचेरीत अर्ज देता येतो, पण तूर्त आम्ही भाकरी आणि तिळगुळावरच भिस्त ठेवली आहे.

दत्तजयंतीला गाणगापुरात पाय ठेवायला जागा नसते, म्हणून यंदा कडगंचीची चाल तूर निघाल्यावर, संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ठेवली आहे. पायात जुने, सवयीचे बूट घालावेत. पाणी दोन लिटर, टोपी, काठी. वरून उजनीचे पाणी सुटले असेल तर भीमेत उतरायचे नाही. 2020 च्या ऑक्टोबरातला पूर आपण पाहिला आहे. मुलांना आणावे, ती आमच्यापेक्षा बरी चालतात. नावे मंडपाच्या दारात वर्गणीच्या टेबलावरच द्यावीत. काकांनी आपले नाव पहिले लिहिले आहे. रुळांपर्यंत ते जीपने येतील, पुढचे पाहू म्हणतात.